देयक फिटते, ऋण उरते

परक्या ठिकाणाहून आलेल्या माणसाला मराठीत पुष्कळ नावे आहेत. पाहुणा, अतिथी, वाटसरू, यात्रेकरू, उतारू. आणि सर्वांत शेवटी बाजारातून आलेला शब्द, गिऱ्हाईक. पाहुण्याला आपण काय दिले याचा हिशेब ठेवणे अशिष्टपणाचे मानले जाते. गिऱ्हाइकाला काय दिले याचा हिशेब ठेवला नाही, तर दुकान बुडते. परंतु मुक्कामाची जागा विकणाऱ्या घरात ही दोन्ही नाती एकाच दारातून आत येतात. तेथे हात जोडून स्वागत होते आणि निघताना हाती देयकही पडते. मग पैसे मोजून मिळवलेले आतिथ्य हे खरे आतिथ्य असते काय? आणि असलेच, तर ज्या देशात असंख्य माणसे रात्री उघड्यावर पाठ टेकतात, त्या देशात एका रात्रीच्या मऊ शय्येसाठी मोठी रक्कम मोजणे नीतीला धरून आहे काय? हा प्रश्न जुना आहे; पण त्याला दिली जाणारी उत्तरे फार घाईची असतात, असे आम्हांस वाटते.

आम्ही अंबाजोगाईचे. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले आमचे गाव हे मुळात मुक्कामाचे गाव आहे. निजामाच्या राजवटीत ते मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई आणि येथे घोडदळाची छावणी असे. मुकुंदराजांच्या समाधीला, दासोपंतांच्या समाधीला माणसे दुरून येतात. योगेश्वरी ही तर कोकणातील कितीतरी घराण्यांची कुलदेवता. त्यामुळे मार्गशीर्षातील नवरात्रात आणि एरव्हीही मुंबई-पुण्याकडच्या गाड्या येथे येत राहतात. या देवीची कथा गावात लहान मुलालाही ठाऊक असते. परळीच्या वैजनाथाशी विवाह ठरला म्हणून ती कोकणातून वऱ्हाड घेऊन निघाली. मुहूर्त टळला, विवाह झाला नाही, वऱ्हाडाचे पाषाण झाले आणि ती येथेच राहिली. हत्तीखान्याच्या लेण्यांतील दगडी हत्ती आणि मंडप पाहून लोक आजही त्या वऱ्हाडाची आठवण काढतात. ही कथा आमच्या धर्मश्रद्धेचा भाग नव्हे. परंतु गावकरी या नात्याने ती आमचीही आहे. ज्या गावाची देवताच वाटेवर मुक्कामाला थांबलेली आहे, त्या गावाला पाहुणा म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागू नये.

गेल्या हिवाळ्यात आमच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण झाली. मुलांनी आपसांत ठरवून आम्हां उभयतांसाठी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एका रात्रीचा मुक्काम राखून ठेवला आणि आमच्या नकाराला वावच राहू दिला नाही. रात्रभराचा बसप्रवास करून आम्ही राज्याच्या राजधानीत, अपोलो बंदरावरच्या त्या घुमटाखाली येऊन उभे राहिलो. दारावरच्या उंच, फेटेधारी माणसाने हात जोडले. आमची जुनी, साखळी बिघडल्यामुळे सुतळीने बांधलेली पिशवी एका तरुणाने अशा अदबीने उचलली, की जणू तिच्यात काही मौल्यवान ऐवज होता. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता, बोटी दिसत होत्या, आणि गेटवेभोवतीची गर्दीही दिसत होती. तिच्यात फुगे विकणारी मुले होती.

त्या खोलीत बसल्यावर आमच्या मनात पहिल्यांदा जे आले, ते सुख नव्हते, संकोच होता. एवढा मान आम्ही कशाने मिळवला? शाळेत चाळीस वर्षे शिकवून ज्याला गावात ‘नमस्कार, सर’ एवढे मिळते, त्याला येथे दर दहा पावलांवर मान मिळत होता. आमच्या सौभाग्यवतींनी त्यावर साधेच उत्तर दिले : “मान आपल्याला नाही, खोलीच्या क्रमांकाला आहे.” हे उत्तर खरे होते. पण पुरते खरे नव्हते. ते का, हे पुढे सांगू.

आधी या वास्तूविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १८९६ च्या प्लेगने मुंबईची उमेद खचली होती. अशा काळात जमशेटजी टाटा यांनी हे हॉटेल बांधावयास घेतले. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी आराखडा केला, डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने काम पुरे केले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेलचे दार उघडले. समोरचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पुरे झाले. म्हणजे ज्या कमानीमुळे लोक या हॉटेलाची खूण सांगतात, तिच्यापेक्षा हॉटेलच वीस वर्षांनी वडील आहे. जमशेटजींच्या बहिणीने या बेताची थट्टा केल्याची आठवण सांगतात : विज्ञानसंस्था काढणार, लोखंडाचा कारखाना काढणार, आणि आता काय भटारखानाही काढणार? एका हॉटेलात भारतीय म्हणून प्रवेश नाकारल्यामुळे त्यांनी चिडून ताज बांधले, ही गोष्ट मात्र अभ्यासकांना संशयास्पद वाटते. ती खरी असो वा नसो, गोऱ्यांखेरीज इतरांना दाराबाहेर ठेवणारी ठिकाणे त्या काळी होती आणि या घराने आपले दार भारतीयांनाही उघडे ठेवले, एवढे निर्विवाद आहे.

विकत मिळणाऱ्या आतिथ्याच्या बाजूने पहिला युक्तिवाद येथेच सुरू होतो. पैसा जात विचारत नाही, वर्ण विचारत नाही, धर्म विचारत नाही. आपल्या समाजातल्या जुन्या धर्मशाळांविषयी आपण प्रेमाने बोलतो. परंतु त्यांतल्या कितीतरी धर्मशाळांत विशिष्ट जातीच्या यात्रेकरूलाच पथारी टाकता येत असे, हे विसरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बडोद्यात संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले, तेव्हा त्या राजधानीत त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी मुक्कामघरात ते पारशी नाव लावून राहिले. रोजचे भाडे देत होते. तरीही काही दिवसांनी काठ्या घेतलेल्या माणसांनी येऊन त्यांना तेथून हुसकून लावले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. भाडे चुकते करूनही ज्या समाजात माणूस पाहुणा ठरत नाही, त्या समाजात ‘पैसे द्या आणि सन्मानाने राहा’ असे म्हणणारे दार ही लहान गोष्ट नव्हे. गाडगे महाराजांनी पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली, ती याच वेदनेतून; आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. दारे जातीने बंद होती, म्हणून कोणी पैशाचे दार उघडले, कोणी दयेचे.

तथापि पैशाचे दार दुसरा एक प्रश्न विचारतेच : तुमच्यापाशी आहेत काय? आणि आमच्या जिल्ह्याला या प्रश्नाचे उत्तर चांगले ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील गावेच्या गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात व पाच-सहा महिने पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत राहतात. त्यांचाही तो मुक्कामच. पण त्यांना कोणी पाहुणा म्हणत नाही, उतारूही म्हणत नाही. हत्यारावरूनच त्यांची मोजदाद होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात चहाबरोबर साखरेचे चौकोनी खडे आले, तेव्हा हे सारे डोळ्यांसमोर येणे आमच्यासारख्या बीडकराला टाळता येण्यासारखे नव्हते.

अशा वेळी मनात दोन सोपी उत्तरे उभी राहतात. पहिले उत्तर कडक विरक्तीचे : असे विलास पापच आहेत, सुजाण माणसाने तेथे पाऊल टाकू नये. या उत्तराला आम्ही कमी लेखत नाही; परंतु त्यात एक खोट आहे. ते सारा दोष मऊ गादीवर टाकते आणि माणसाला मोकळे सोडते. गोधडीवर झोपणारा मनुष्यही निष्ठुर असू शकतो आणि आपल्या साधेपणाचा त्याला मोठा गर्वही असू शकतो. दुसरे उत्तर व्यवहाराचे : तेथे खर्च झालेल्या पैशातून शेकडोंना रोजगार मिळतो, तेव्हा खर्च करणे हेच पुण्य. हेही पूर्ण खोटे नाही. पण रोजगार मिळतो म्हणून कोणतीही उधळपट्टी पुण्य ठरत असेल, तर मग विवेकाला कामच उरत नाही. पहिले उत्तर गादीकडे पाहते, दुसरे पैशाकडे. आतिथ्य देणारा आणि घेणारा या दोन माणसांकडे दोघांचेही लक्ष नाही.

म्हणून आतिथ्य देणाऱ्याकडे आधी पाहू. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री या हॉटेलावर दहशतवाद्यांनी हल्ला केला आणि २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत तो चालला. येथे ३१ माणसे मरण पावली. त्यांत पाहुणे होते, तसेच कर्मचारीही होते. इमारतीचे मागले दरवाजे आणि जिने ज्यांना तोंडपाठ होते, ज्यांना सर्वांत आधी निसटता आले असते, तेच कर्मचारी पाहुण्यांना बाहेर काढण्यासाठी मागे थांबले. स्वयंपाकघरातल्या माणसांनी पाहुण्यांना वाट करून दिली आणि त्यांतल्या काहींनी प्राण गमावले. महाव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुले त्या आगीत गेली, तरी ते कामावरून हलले नाहीत. घुमटाचा जुना भाग पुन्हा उघडावयास १५ ऑगस्ट २०१० उजाडला. मृतांची नावे आज हॉटेलात कोरलेली आहेत. आम्ही ती उभ्याने वाचली.

या माणसांनी जे दिले, ते कोणत्या देयकात लिहिता येईल? खोलीचे भाडे, भोजन, कर, सारे वेगवेगळे मांडता येते. एका माणसाने दुसऱ्यासाठी दारात उभे राहणे ही बाब त्या कागदावर बसत नाही. म्हणजे पगारी हातांनी केलेली सेवा ही केवळ विक्रीच असते, हे आमचे सोपे गृहीत खरे नाही. मान खोलीच्या क्रमांकाला असतो, हे खरे. पण त्या रात्री क्रमांकाचा प्रश्नच उरला नव्हता, आणि तरीही मान शिल्लक राहिला. नमस्काराची रोजची सवय, पुढे होऊन पिशवी उचलण्याची सवय ही कोणाच्या तरी अंतःकरणात मुरत गेली असली पाहिजे. त्याखेरीज संकटात ती अशी उपयोगी पडली नसती.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याच्या दृष्टान्तात एक पात्र आहे, ज्याच्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. जखमी वाटसरूला शोमरोनी उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी तेथील मालकाला दोन नाणी देतो आणि सांगतो की, याची काळजी घे, अधिक खर्च झाला तर परतताना तोही देईन. आपण शोमरोन्याची थोरवी गातो, ती योग्यच आहे. पण पुढचे दिवस त्या जखमी माणसाच्या उशाशी कोण होते? तो उतारशाळेचा मालक. तो पैसे घेतो. प्रभू त्याबद्दल त्याला दोष देत नाही. त्याचा धंदा त्या दयेचा उत्तरार्ध होऊन जातो. आणि देयकापलीकडचा जो ‘अधिक खर्च’, त्याचीही वाट त्या गोष्टीत मोकळी ठेवली आहे. विकत घेतलेले आतिथ्य आणि दया यांत वैर नाही. प्रश्न एवढाच उरतो, की तो अधिकचा भाग कोणी ओळखतो की नाही.

आता आतिथ्य घेणाऱ्याकडे वळू. कारण आमच्या मते विलासाचा खरा धोका तेथेच आहे. मऊ शय्येवर एक रात्र झोपण्यात धोका नाही. आपल्याला हे मिळावयासच हवे होते, आपण या योग्यतेचेच आहोत, असे सकाळी उठल्यावर वाटू लागते त्यात आहे. सेवा करणाऱ्याचा चेहरा दिसेनासा होतो आणि केवळ त्याचा हात दिसू लागतो. देयक चुकते करताना ही भ्रांती पक्की होते : मी पैसे दिले, विषय संपला, मी कोणाचे काही लागत नाही. गिऱ्हाइकाची ही भाषा एकदा मनात रुजली, की ती हॉटेलाच्या दारापाशी थांबत नाही. मग डॉक्टरला, शिक्षकाला, घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईला, सर्वांनाच आपण ‘दिले की संपले’ या मापाने मोजू लागतो. ऊसतोडीच्या कामगाराची उचल वर्षानुवर्षे फिटत नाही, आणि सुस्थितीतल्या माणसावर मात्र कधी काही ऋण चढतच नाही; अशी ही विपरीत वहीखात्याची रीत आहे.

त्या सायंकाळी खोली आवरावयास आलेल्या एका मुलीशी बोलणे निघाले. “काका-काकू, कोणत्या गावचे?” तिने विचारले. अंबाजोगाईचे म्हणताच तिचा चेहरा उजळला. ती रत्नागिरीकडची, योगेश्वरी तिच्या घराण्याची कुलदेवता. सात-आठ वर्षांची असताना ती आजोबांबरोबर आमच्या गावी आली होती. देवळाजवळ एका घरी मुक्काम होता. थंडीचे दिवस होते, आणि पहाटे कोणा एका म्हातारीने तिच्यासाठी चुलीवर पाणी तापवून तिला न्हाऊ घातले होते. “त्या आजींचं नावसुद्धा मला ठाऊक नाही,” ती म्हणाली, “आणि आता त्या असतील असंही वाटत नाही.” एवढे बोलून तिने उशा नीट केल्या, पाण्याचे भांडे भरून ठेवले आणि ती गेली.

त्या मुलीचे त्या म्हातारीला देणे होते, आणि ते देण्याची वाट बंद झाली होती. परंतु ती खोलीत वावरत होती, ते पाहून आम्हांस वाटले की, ते देणे ती रोज कोणा ना कोणाला देतच असावी. आतिथ्याच्या ऋणाची ही रीतच निराळी दिसते. सावकाराचे कर्ज ज्याचे त्याला परत करावयाचे असते. आतिथ्याचे ऋण ज्याने दिले त्याला परत करता येत नाही. ते पुढच्या वाटसरूला द्यावे लागते. आमच्या गावाने कोकणातल्या एका पोरीला गरम पाणी दिले. तिने राजधानीत आमच्या उशा नीट केल्या. आता पाळी आमची आहे.

ही पाळी कोठे येते, हे शोधावयास दूर जावे लागत नाही. ज्या घराण्याने अपोलो बंदरावर हे हॉटेल उभारले, त्याच घराण्याच्या विश्वस्तनिधीतून परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे दार उघडले. पुढे ते केंद्र सरकारकडे गेले. देशभरातून कर्करोगाचे रुग्ण तेथे येतात, मराठवाड्यातूनही येतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा राजधानीतला मुक्काम रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर असतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशाच रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आसरा देते. पण येणारे अनेक आणि खाटा थोड्या. ताज आणि हा पदपथ एकाच शहरात, काही मैलांच्या अंतराने आहेत. हेही विसरू नये की पहिल्या महायुद्धात याच हॉटेलात ६०० खाटांचे रुग्णालय चालले होते. म्हणजे शय्या मुळात मऊ वा कठीण नसते. ती कोणासाठी अंथरली, यावर तिचे मोल ठरते.

आमच्या गावच्या दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे अंगावर पांघरावयाच्या जाडाभरड्या वस्त्रावर, आपला ‘पंचीकरण’ हा ग्रंथ लिहिला. ती पासोडी अंबाजोगाईत जतन केलेली आहे. जे वस्त्र थंडीत ऊब देण्यासाठी विणले गेले, त्यावर एका ज्ञानी माणसाने मनुष्यदेह कशाचा बनला आहे याचा विचार मांडला, ही गोष्ट आम्हांस नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. पांघरुणाचा आणि विचाराचा असा संबंध असावा. रात्री ज्याने आपल्याला पांघरूण दिले, त्याचा विचार सकाळी मनात राहिला पाहिजे.

म्हणून त्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. अशा ठिकाणी एक रात्र राहणे हे पाप नव्हे आणि पुण्यही नव्हे. त्याचे नैतिक मोल त्या रात्री ठरतच नाही. ते नंतर ठरते. रुग्णाला घेऊन अनोळखी शहरी निघालेला शेजारी आपल्या दारी येतो तेव्हा, ऊसतोडीहून परतलेल्या बिऱ्हाडातले मूल शाळेच्या पायरीवर उभे राहते तेव्हा, थंडीच्या पहाटे कोणी परका उतारू अंघोळीला ऊन पाणी मागतो तेव्हा. जो मान आपल्याला पैशाने मिळाला, तो आपण बिनपैशाने दुसऱ्याला दिला, तर त्या मुक्कामाचा अर्थ आपल्याला कळला. न दिला, तर आपण तेथे पाहुणे नव्हतोच. गिऱ्हाईक म्हणून गेलो आणि गिऱ्हाईक म्हणूनच परत आलो.